मदरचे केस

गल्लीच्या तोंडाशी तिचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, मागच्या बाजूला डोकं धुवायचं बेसिन आणि भिंतीला टेकून एक बाक. बाकावर केस कापून घेणाऱ्यांपेक्षा गप्पा मारायला आलेल्या बायकाच जास्त बसायच्या. तिला सगळी वस्ती 'कात्री' म्हणायची. हातातल्या कात्रीमुळे की तोंडातल्या, ते ज्याचं त्याने ठरवावं. पन्नाशी उलटलेली, अंगाने चांगली भरलेली, एकटी. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "मान खाली घाला, मागचे राहिलेत," आणि मशीन सुरू करायची.

या कात्रीची सख्खी मावशी म्हणजे मदर.

मदर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तसबीर येते. पांढराशुभ्र झगा, डोक्यामागे उजेड, नजर वर लागलेली. कात्रीच्या डोळ्यांपुढे यायची ती मागच्या पायरीवर बसलेली, गळ्याभोवती जुना टॉवेल गुंडाळलेली, "लवकर आटप गं, आत माझा माणूस खोळंबलाय" म्हणणारी एक किरकोळ बाई. मावशी तरुणपणी एका मोठ्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर झाली होती, मुलींना शिकवायची. त्या कॉन्व्हेंटच्या भिंतीला लागून एक इस्पितळ होतं. ज्यांच्या जखमा सडल्या, ज्यांच्या अंगाला घाण मारायला लागली, त्यांना घरी न्या म्हणून इस्पितळवाले सांगत, आणि घरचे काही न्यायला येत नसत. ती माणसं फाटकाबाहेर पडून राहायची. मावशी वरिष्ठांशी भांड भांड भांडली, दोन सिस्टरना बरोबर घेऊन बाहेर पडली आणि कातडी कमावण्याच्या एका बंद कारखान्यात तिने खाटा मांडल्या. तिथे आधीच एवढा वास होता की आणखी वासाबद्दल तक्रार करायला कुणी उरलं नव्हतं. तुमच्या संघाचं नाव काय, असं बिशपनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "शेजारिणी." एवढंच. हाक मारली की येते ती शेजारीण, यापेक्षा जास्त आम्हाला काही येत नाही, असं तिचं म्हणणं.

कात्री हाताला वळण लागल्यापासून तिचे केस कापायला जायची. सिस्टर लोकांचे केस डोक्यावरच्या फडक्याखाली असतात. ते बोटभरही वाढले की मावशीला उकडायचं. मागच्या पायरीवर काम उरकायचं, केस झाडूने गोळा करायचे आणि वापरलेल्या बँडेजच्या डब्यात टाकायचे. तो डबा संध्याकाळी पेटवला जायचा. झालं.

एकदा असंच केस कापताना आतून कुणीतरी हाक मारली. मावशी टॉवेलसकट उठून गेली, थोड्या वेळाने बाहेर आली आणि गटाराशी बसून भडाभडा ओकली. चूळ भरली, तोंड पुसलं, परत आत गेली. दुसऱ्यांदा बाहेर आली तेव्हा कात्रीने विचारलं, "मावशी, तुला अजून किळस येते?"

"येते की. नाक आहे मला."

"इतक्या वर्षांनीसुद्धा?"

"रोज येते. त्याच्या तर अंगालाच तो वास आहे, त्याला कुठे पळता येतंय? मी निदान बाहेर येऊन ओकते तरी." मग मान पुढे करून म्हणाली, "कानामागचे नीट काप, खाजतात."

मावशी गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे वॉर्डामागच्या अंगणात, तिच्या रोग्यांच्या रांगेत तिला पुरली. दगड नाही, फळी नाही, नाव नाही. तेही तिनेच सांगून ठेवलं होतं. वॉर्डातल्या बादली सिस्टर तेवढ्या त्या दिवशी शेवटपर्यंत होत्या. त्यांच्या हातात बारा महिने बादली असायची, म्हणून ते नाव. आणि कात्री होती. कात्रीचा धाकटा भाऊ राजा सगळं आटोपल्यावर आला, काळा चष्मा लावून, नाकाला रुमाल धरून, आणि फाटकातूनच परतला. आजारपणात तर तो फिरकलाच नव्हता. "मला तो वास सोसत नाही गं ताई," असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं.

पुढे काही वर्षं गेली. बादली सिस्टर सोडल्या तर संघाच्या जुन्या सिस्टर एकेक करून गेल्या आणि प्रमुख म्हणून नव्या सुपीरियर आल्या. बाई हुशार, बोलायला गोड, चालण्यात पाठीला पट्टी बांधल्यासारखा ताठा. त्यांच्या लक्षात आलं की आपल्या संस्थापिकेला संतपद मिळू शकतं. मग वरून एक फादर नेमले गेले. मदरबद्दल साक्षी गोळा करायच्या, कागद तयार करायचे आणि केस रोमला पाठवायची, हे त्यांचं काम. लोकांनी त्यांचं नाव 'केसवाले फादर' पाडलं. कात्रीच्या बाकावर त्या नावावरून हसून हसून पुरेवाट झाली.

केसवाले फादर एके दिवशी दुकानात आले. काटकुळे, अदबशीर, घामाघूम. ते खुर्चीवर बसले आणि कात्रीने सवयीने त्यांच्या गळ्यात कापडच अडकवलं. राजाही तिथेच होता. अलीकडे तो बहिणीच्या दुकानात जरा जास्तच दिसायला लागला होता. त्याच्या खिशात नवी कार्डं होती आणि त्यांवर त्याच्या नावाखाली 'मदरचा भाचा' असं छापलेलं होतं.

फादरनी टेप सुरू करून विचारलं, "रोग्यांची सेवा करताना मदरना कसं वाटायचं?"

"किळस यायची," कात्री म्हणाली, आणि तिने पायरीवरची सगळी गोष्ट सांगितली. तिला वाटलं, याहून मोठी साक्ष ती काय असणार?

फादरनी टेप बंद केला. "ताई, हे असं नाही घालता येणार. वाचणाऱ्याला वाटेल, त्यांना त्या माणसांची घृणा होती."

"वासाची होती. माणसांची असती तर परत आत गेली असती का?"

"बरोबर आहे तुमचं. पण लोकांना हे नाही कळत." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "दुसरं म्हणजे, मदरची काही वस्तू? कपडे त्यांनी वाटून टाकले. आमच्याकडे काहीच नाही. तुम्ही त्यांचे केस कापायचात म्हणे. एखादी बट तरी?"

"बँडेजच्या डब्यात टाकायचो. जाळून टाकायचो."

फादरचा चेहरा असा झाला की जणू तिने चर्चच जाळलं. राजा मात्र आरशात बघून भांग पाडत होता, तो मध्येच थांबला. "फादर," तो म्हणाला, "घरी बघतो मी. आईच्या पेटीत असतील. बहिणीबहिणींचं होतं काही काही." कात्रीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. आईची पेटी तिच्याच माळ्यावर होती आणि तिच्यात दोन गोधड्यांशिवाय काही नव्हतं.

त्याच सुमाराची गोष्ट. दुकानाला लागूनच्या इमारतीत एक काकू राहायच्या. टपाल कचेरीत पत्रांची वर्गवारी करण्यात जन्म गेलेला, आता निवृत्त. बाई खमकी, धूर सोडल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. त्यांची कमरेपर्यंतची पांढरी वेणी हा वस्तीचा अभिमान होता. फक्त कपाळावरच्या बटा सिगारेटच्या धुराने पिवळ्या पडल्या होत्या. जिन्यावरून पडून काकूंचा उजवा हात मोडला, वेणी घालणं जमेना, तेव्हा त्या दुकानात येऊन म्हणाल्या, "कात्रे, उडव. आणि टाकून देऊ नकोस हं. औषधाने ज्यांचे केस जातात त्या पोरींसाठी टोप करतात ना, त्यांना दे."

कात्रीने वेणी मुळापासून कापली, दोन्ही टोकांना हिरवा दोरा बांधला, कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली. टोप करणारा बाबा आला तेव्हा ड्रॉवर रिकामा. तिने दुकान पालथं घातलं, झाडूवालीला दहा वेळा विचारलं, स्वतःला शंभर शिव्या घातल्या. काकूंना सांगायचं धाडस काही तिला झालं नाही.

मग कारखान्याच्या पुढच्या भागात मदरचं संग्रहालय उघडलं. पूर्वी तिथे खाटा होत्या. आता खाटा मागच्या शेडमध्ये ढकलल्या होत्या आणि पुढे गुळगुळीत फरशी, पितळी कठडे आणि मंद दिवे. दारातच गुलाबाचा वास नाकात घुसला. भिंतीवर एक यंत्र दर थोड्या वेळाने फुस्स करून तो वास सोडत होतं. केसवाल्या फादरनी मदरवर लिहिलेल्या पुस्तकातलं एक वाक्य मोठ्या अक्षरांत लावलेलं होतं: मदरना जखमांतून गुलाबांचा सुगंध येत असे. कात्रीने ते दोनदा वाचलं आणि आत गेली.

आतल्या दालनात लोकांची रांग होती. मखमलीवर ठेवलेली काचेची पेटी, तिच्यावर दिवा, आणि पेटीत कमरेएवढी लांब पांढरी वेणी. दोन्ही टोकांना हिरवा दोरा. वरच्या बाजूला धुरकट पिवळ्या बटा. खाली पाटी: मदरचे केस.

रांगेतल्या बायका पुढे होऊन काचेवर ओठ टेकत होत्या. शेजारी उभी असलेली कोवळी सिस्टर प्रत्येकीनंतर एकाच फडक्याने काच पुसत होती. ओठांचे ओले डाग या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जात होते. एका आईने तान्ह्या पोराचं तोंड त्या काचेला लावलं. कात्री पुढे गेली, वाकून पाहिलं, आणि तोंडावर हात दाबून रांगेबाहेर पडली. मावशीचे केस! जिने जन्मभर बोटभर केस डोक्यावर राहू दिले नाहीत, तिची म्हणे कमरेएवढी वेणी! एवढ्या लोकांत एकालाही प्रश्न पडू नये? बाहेर काउंटरवर लॉकेटं होती. प्रत्येकात काचेखाली मुंगीच्या पायाएवढा पांढरा तुकडा. बाजूला गुलाबाचा साबण, मदरच्या चेहऱ्याचा.

ती तशीच राजाच्या घरी गेली. तो जेवत होता.

"ड्रॉवरमधनं वेणी तू नेलीस."

राजाने घास तोंडात घातला, चावला, गिळला. "ताई, बस ना. केस ते केस. त्या म्हातारीला काय करायचे होते? टोप होऊन कुणाच्या तरी टकलावर गेले असते. आता लोक त्यांच्यापुढे गुडघे टेकतात."

"मावशीचं नाव लावून!"

"मावशीच्या नावाचंच भलं केलं मी. केसांवाचून केस अडली होती." आपल्या विनोदावर तो स्वतःच हसला, भाताची शितं ओठाला तशीच. "संघाचं नावसुद्धा बदलतायत. शेजारिणी काय, कुणी ऐकलंय का असलं नाव? आता मदरचं नाव लागणार. विश्वस्तांत घरचा माणूस हवा म्हणून माझं घेतायत."

"तिचे केस बोटाएवढेसुद्धा नव्हते, राजा."

"हे कुणाला माहीत आहे?"

"मला."

"तू सोडून बोल," तो म्हणाला, आणि त्याने वाटी पुढे करून बायकोला आमटी वाढायची खूण केली.

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते कात्रीला त्या दिवशी नीट कळलं. याच भावाला तिने कडेवर घेऊन वाढवला होता, त्याचं नाक पुसलं होतं, त्याच्या शाळेतल्या भानगडी निस्तरल्या होत्या. त्या ओठावरच्या शिताकडे बघून तिला अशी शिसारी आली की कडेला ठेवलेलं पाणीही तिने घेतलं नाही.

एवढ्यावर ती कदाचित गप्प बसली असती. घरचं माणूस, मेलेली मावशी, चारचौघांत शोभा. पण एका सकाळी काकू आल्या, डोकं धुवून घ्यायला. बेसिनवर मान टाकली आणि ब्लाउजच्या आतून लॉकेट घसरून गळ्याशी आलं.

"लेकीनं आणलं," काकू म्हणाल्या. "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तुला माहीत आहे. पण खोटं नाही सांगत, कात्रे, हात वर जायला लागलाय. रोज झोपताना मुका घेते आणि छातीशी धरते. तुझे ते फादर येणार आहेत माझी साक्ष घ्यायला. चमत्कार म्हणतायत."

कात्रीच्या हातातली पाण्याची नळी नुसतीच वाहत राहिली.

"अगं, पाणी कानात जातंय माझ्या!"

तिने नळ बंद केला, काकूंना उठवून बसवलं, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि जे होतं ते सांगून टाकलं. ड्रॉवर, हिरवा दोरा, राजा, काचेची पेटी. काकूंनी लॉकेट दिव्यापाशी धरलं, एक डोळा मिटून पाहिलं. आधी हसायला लागल्या. "म्हणजे मी रोज माझीच शेंडी उराशी कवटाळून..." हसता हसता खोकल्याची उबळ आली, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. त्यांनी टॉवेलच्या टोकाने ओठ पुसले. परत पुसले. ओठ लाल होईपर्यंत पुसत राहिल्या.

"त्या पोरींसाठी दिले होते गं मी," त्या म्हणाल्या. "आणि लोक चाटतायत त्यांना."

"तुमचा हात?"

"प्लास्टर निघाल्यावर हात वर जाणार नाही तर काय खाली जाणार? मला मेलीला कळू नये!" त्यांनी लॉकेट काढून काउंटरवर आपटलं. "तू जाऊन सांग. नाहीतर मी जाते, आणि मी गेले तर काच शिल्लक राहणार नाही."

कात्री त्याच दिवशी संघाच्या कॉन्व्हेंटमध्ये गेली. सुपीरियरच्या खोलीत केसवाले फादरही होते. तिने लॉकेट टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. भावाचं नाव घेताना जीभ जड झाली, पण घेतलं.

फादर पांढरेफटक पडले. सुपीरियर मात्र हलल्या नाहीत. "तुम्हाला खात्री आहे? पांढरे केस सगळे सारखेच दिसतात."

"सिस्टर, तुमच्या डोक्यावर फडकं आहे. त्याच्याखाली कमरेएवढी वेणी आहे का?"

सुपीरियरनी लॉकेट बोटाने बाजूला सारलं. मग सुपीरियर म्हणाल्या, "लोकांची श्रद्धा खरी आहे. ती कशावर टेकलीय, याने तिला कमीपणा येत नाही. शिवाय ते केस तुमच्या हातातून गेले, आणि तुमच्या हाताने मदरच्या डोक्याला स्पर्श केलेला आहे. त्या अर्थाने..."

"त्या अर्थाने माझा झाडूही पेटीत ठेवा."

"नाही," फादर एकदम म्हणाले. "नाही, सिस्टर. हे काढायला हवं. आजच. मी खोट्यावर सही करणार नाही."

कात्रीला त्या काटकुळ्या माणसाबद्दल पहिल्यांदा बरं वाटलं. ते सुख फार टिकलं नाही. सुपीरियरनी क्षणभर विचार केला आणि शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. मग खरं काहीतरी हवं. संघाच्या नामकरणाच्या आधी. मदरचं शरीर आपल्याच अंगणात आहे. थडगं उघडायची परवानगी तुम्ही मागच्या वर्षीच आणून ठेवलीय, फादर. एक बोट पुरेल. एखादी बरगडी."

फादरनी मान खाली घातली आणि मग, अगदी हळू, हलवली. होकारार्थी.

कात्री उठून बाहेर आली. खोटं बंद पाडायला म्हणून ती गेली होती, आणि मावशीची हाडं त्यांच्या हातात देऊन आली होती. मटणाच्या दुकानात सांगावं तसं 'एक बोट पुरेल' म्हणाली होती ती बाई. तो आवाज कानातून जाईना.

ठरल्या दिवशी सकाळी रक्ताचे नातेवाईक म्हणून तिला आणि राजाला बोलावणं आलं. राजा नव्या कोटात होता. जाणार नाही असं कात्रीने आधी ठरवलं होतं. मग वाटलं, मावशीला यांच्या तावडीत एकटी कशी सोडायची? पुढून संग्रहालयाचं काम चाललं होतं, म्हणून अंगणात जायला शेडमधल्या वॉर्डातूनच वाट होती. फादर दोन वर्षं मदरबद्दल लिहीत होते, पण या वॉर्डात त्यांचं पाऊल पहिल्यांदाच पडत होतं. खाटा एकमेकींना चिकटलेल्या, खिडकी एकच. दारालगतच्या खाटेवर एक म्हातारा होता. गालाला भोक पडलेलं, आणि बादली सिस्टर त्यातून कापसाने पू टिपत होत्या. फादर दोन पावलं चालले, खांबाला धरून थांबले आणि तिथेच ओकले.

बादली सिस्टरनी पायानेच बादली त्यांच्याकडे सरकवली. "होऊ द्या, फादर. लाजायचं नाही. मदरना तर रोज व्हायचं."

"रोज?" फादर वाकलेलेच होते.

"शेवटच्या आठवड्यापर्यंत. का, यांनी सांगितलं नव्हतं तुम्हाला?" त्यांनी कात्रीकडे बोट दाखवलं.

"सांगितलं होतं," फादर म्हणाले, आणि परत ओकले.

राजा नाकाला रुमाल लावून केव्हाच पलीकडे गेला होता.

अंगणात नुसतं गवत होतं. वर दोऱ्यांवर धुतलेली बँडेजं वाळत होती. कंत्राटदार आणि त्याचे दोन खणणारे, एक डॉक्टर, सुपीरियर, सगळे उभे होते. कुठे काही खूण नव्हती. खालची माणसं कोण नि कुठे, ते गवताला विचारायचं.

"मदरची जागा दाखवा, सिस्टर," सुपीरियर म्हणाल्या.

बादली सिस्टर हात पुसत आल्या होत्या. "मला माहीत आहे. पण दाखवणार नाही."

"तुम्ही आज्ञापालनाची शपथ घेतलीय. त्या शपथेने सांगते, दाखवा."

"मदरनी मला सांगितलं होतं, कुणाला दाखवू नकोस. त्याही सुपीरियरच होत्या, आणि त्यांची आज्ञा आधीची. तुमची पाळायला त्यांची मोडू कशी?"

सुपीरियरचा गोडवा त्या दिवशी पहिल्यांदा उतरला. राजा पुढे सरसावला. "ताईला माहीत आहे. ताई होती तेव्हा. ताई, सांगून टाक ना, सगळे खोळंबलेत."

"माहीत आहे," कात्री म्हणाली. "आणि तू माझ्याशी बोलू नकोस. तुला बघून मला ढवळतंय."

"मग सगळी खणू," सुपीरियर म्हणाल्या. "एकेक करून. डॉक्टर ओळखतील."

खणणाऱ्यांतला थोरला फावड्यावर रेलून उभा होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं. "सगळी म्हणजे काय बाई? खाली माणसं आहेत ना? एकेकाला वर काढून बघायचं, हा नव्हे, ही नव्हे, आणि परत टाकायचं?"

बँडेजं वाऱ्याने फडफडत होती. कात्रीने पाहिलं, फादर अंगणाच्या उंबऱ्यातच थांबले होते. झग्यावर डाग, ओठ कोरडे. ते म्हणाले, "नको."

"फादर, परवानगी..."

"परवानगी माझ्या नावाने आलीय. मी परत पाठवतो." त्यांना बोलायला श्रम पडत होते. "बंद करा हे. मला शरम वाटतेय."

खणणाऱ्याने कुणाची वाट न बघता फावडं खांद्यावर टाकलं. बादली सिस्टर म्हणाल्या, "चला, आत माझं ड्रेसिंग अर्धं राहिलंय," आणि गेल्यासुद्धा.

सगळं सुटलं असं मात्र झालं नाही. फादरना दुसरीकडे पाठवलं गेलं आणि त्यांच्या जागी अधिक चलाख माणूस आला. वेणी काढून घेतली गेली, पण ती खोटी होती असं कुणी बोललं नाही. 'जतनासाठी हलवली आहे' अशी पाटी लागली. विकलेली लॉकेटं लोकांच्या गळ्यात तशीच राहिली. नामकरण थाटात पार पडलं, दर्शनी भिंतीवर मदरचं नाव पितळेच्या अक्षरांत चढलं, पुढे एक रिकामं संगमरवरी थडगं बांधलं गेलं, आणि लोक त्याच्यावर ओठ टेकायला लागले. विश्वस्तांच्या फोटोत राजा उजवीकडून दुसरा आहे. कात्री त्या दिवशी गेली नाही. तिने दुकान उघडं ठेवलं, आणि बाकावरच्या बायका सोहळ्याचं वर्णन करायला लागल्या तेव्हा मशीन सुरू केलं.

पुढच्या वर्षी मागची शेड पाडून वाहनतळ करायचं ठरलं, तेव्हा बादली सिस्टर आणि आणखी चौघीजणी रोग्यांना घेऊन बाहेर पडल्या. गावाबाहेर, बंद पडलेल्या एका दुधाच्या डेअरीत त्यांनी खाटा टाकल्या. दारावर पाटी नाही. कुणी विचारलं तर सांगतात, आम्ही शेजारिणी. दुकान बंद असतं त्या वारी कात्री तिथे जाते, रोग्यांची डोकी करते. टपालवाल्या काकू बरोबर येतात आणि बाहेर ओट्यावर धूर काढत बसतात. आत येत नाहीत. मला वास सोसत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलंय, आणि कात्रीने त्यांना कधी आग्रह केला नाही. त्या बाहेर बसून बँडेजच्या गुंडाळ्या करतात.

राजाने मध्यंतरी बायकोला पाठवलं होतं, समेट करायला. कात्रीने भावजयीला बसवलं, चहा दिला, तिच्या पोरांची चौकशी केली. राजाचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "तुझ्यावर माझा राग नाही. त्याला मात्र म्हणावं, येऊ नकोस." भावजयीने कप उचलून बेसिनपाशी ठेवला आणि ती निघून गेली.